तेल सापडलं, मग नायजेरिया अडला कुठे?

१९७५ साली लागोस बंदराबाहेर शेकडो जहाजं नांगर टाकून उभी होती. त्यातल्या बऱ्याच जहाजांत एकच माल होता, सिमेंट. नायजेरिया सरकारने सुमारे दोन कोटी टन सिमेंट मागवलं होतं, त्यातही मोठा वाटा संरक्षण खात्याचा. लागोस बंदरात वर्षाला उतरवून घेता येईल असं सिमेंट होतं दहा लाख टनांच्या आसपास. जहाज खोळंबलं की माल मागवणाऱ्याला जहाजाच्या मालकाला रोजचं भाडं द्यावं लागतं. त्यामुळे काही मोडकळीला आलेली जहाजंही सिमेंट भरून लागोसला आली. माल उतरला नाही तरी भाडं सुरूच राहणार होतं. दमट हवेत कितीतरी पोती जागच्या जागी दगड झाली.

गरीब देश मागे का राहतात असं विचारलं की साधारण दोन उत्तरं येतात. एक, पैसा नाही. दोन, पुढारी चोर आहेत. नायजेरियात पहिलं उत्तर लागू पडत नाही. १९७३ नंतर तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला होता आणि आलेला पैसा खर्च कुठे करायचा हीच सरकारची अडचण होती. दुसरं उत्तर खरं आहे, पण ते फार पुढे नेत नाही. चोर सगळीकडे असतात, आणि काही देशांत चोरी होऊनही रस्ते बांधले जातात, वीज येते.

मला पटणारं उत्तर वेगळं आहे. नायजेरियाच्या सरकारचं पोट लोकांच्या कमाईवर भरत नव्हतं, म्हणून लोकांची कमाई वाढते की बुडते याची काळजी करण्याची गरज सरकारला पडली नाही. आर्थिक अडथळे एका बाजूला आणि राजकीय दुसऱ्या बाजूला अशी यादी केली की हा धागा हातातून सुटतो. इथल्या प्रत्येक अडथळ्यावर कुणाचा तरी संसार चालतो, आणि त्या संसाराची मतंही असतात.

तेलाआधीचा देश

१ ऑक्टोबर १९६० ला नायजेरिया स्वतंत्र झाला तेव्हा त्याचे तीन मोठे प्रांत होते. उत्तरेत हौसा आणि फुलानी, पश्चिमेत योरुबा, पूर्वेत इग्बो समाजाचं प्राबल्य. प्रत्येक प्रांताचं आपापलं पीक होतं. उत्तरेचा भुईमूग आणि कापूस, पश्चिमेचा कोको, पूर्वेचं पाम तेल. कानो शहरात निर्यातीसाठी रचलेल्या भुईमुगाच्या पोत्यांचे चक्क पिरॅमिड उभे असत. त्या त्या प्रांताच्या मालातून आलेल्या पैशाचा मोठा वाटा त्याच प्रांताकडे राहत असे. शेतकऱ्याचे लाड होत होते असं मुळीच नाही. सरकारी मार्केटिंग बोर्ड त्याला जागतिक भावापेक्षा कमी देत आणि मधला फरक स्वतःकडे ठेवत. पण शेतकरी बुडाला तर प्रांताची तिजोरीही बुडणार, एवढं नातं तरी होतं. ओबाफेमी आवोलोवो यांच्या नेतृत्वाखालच्या पश्चिम प्रांताने १९५५ मध्ये मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, त्यामागे कोकोचा पैसा होता.

१९५६ मध्ये नायजर नदीच्या मुखाजवळ ओलोइबिरी इथे तेल लागलं, १९५८ मध्ये निर्यात सुरू झाली. १९६६ मध्ये दोन लष्करी उठाव झाले, उत्तरेत इग्बोंची कत्तल झाली, आणि १९६७ मध्ये पूर्व प्रांताने बियाफ्रा या नावाने वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. तीस महिन्यांच्या युद्धात दहा लाखांहून जास्त माणसं गेली, बहुतेक उपासमारीने. युद्ध काही तेलापायी पेटलं नव्हतं, पण तेल कुणाच्या हद्दीत जाणार हा प्रश्न त्यात होताच. जानेवारी १९७० मध्ये ते संपलं तेव्हा लष्करी राज्यकर्त्यांनी एक धडा पक्का केला: तेलाचा पैसा केंद्राच्या हातात हवा. स्वातंत्र्याच्या वेळी प्रांताला आपल्या हद्दीतल्या खनिज उत्पन्नाचा निम्मा वाटा मिळत होता. पुढे काही काळ तो तीन टक्क्यांहूनही खाली आला.

नायराचा भाव आणि शेतकऱ्याचं मरण

तेल सापडल्याने शेती का बुडावी? तेल परदेशात विकलं की देशात डॉलर येतात. डॉलर मुबलक झाले की ते स्वस्त होतात, म्हणजेच देशी चलन, इथे नायरा, महाग होतं. १९८० च्या सुमारास एका डॉलरला एक नायराही पडत नव्हता; शंभर कोबोंचा एक नायरा, आणि डॉलर मिळत होता साधारण ५५ कोबोंना. अशा वेळी परदेशी तांदूळ, परदेशी कापड, परदेशी साबण सगळंच स्वस्त वाटतं. उलट कोको परदेशी विकणाऱ्याला तेवढ्याच डॉलरचे नायरे कमी मिळतात. त्याने शेतात काहीही चूक केलेली नसते, तरी त्याचा धंदा बसतो. नेदरलँड्समध्ये नैसर्गिक वायू सापडल्यावर तिथल्या कारखानदारीला असाच फटका बसला होता, म्हणून अर्थशास्त्रज्ञ याला डच रोग म्हणतात.

कानोचे पिरॅमिड सत्तरच्या दशकात संपले. दुष्काळ आणि भुईमुगावर पडलेला रोग ही कारणंही खरी होती. पण दुष्काळ सरतो, रोग आटोक्यात येतो, आणि पीक पैसे देत असेल तर शेतकरी पुन्हा पेरतो. इथे तो परतला नाही, शहराकडे गेला. पाम तेलात एके काळी जगात पहिला असलेला हा देश आज पाम तेल आयात करतो. मलेशियाने नायजेरियातून रोपं नेली आणि तो श्रीमंत झाला, अशी गोष्ट नायजेरियात फार आवडीने सांगितली जाते. मलेशियाच्या बागा मुळात जावा बेटावरच्या बोगोरमध्ये १८४८ साली लावलेल्या रोपांच्या वंशातून वाढल्या. पण ती गोष्ट टिकून आहे, कारण रोपं चोरीला गेली असं म्हणणं सोपं जातं. आपल्याच धोरणाने बागा ओसाड पडल्या असं म्हणणं अवघड.

ऐंशीच्या दशकात तेलाचा भाव पडला. डॉलर आटले. आता दोन रस्ते होते. नायरा उतरू द्यायचा, म्हणजे आयात महाग होईल आणि देशी मालाला श्वास घेता येईल. किंवा दर तसाच धरून ठेवायचा आणि डॉलर कुणाला द्यायचे ते सरकारने ठरवायचं. अध्यक्ष शेहू शगारी यांच्या काळात, १९७९ ते १९८३, दुसरा रस्ता धरला गेला. आयात परवाने निघाले, आणि परवाना हीच विकण्याची वस्तू बनली.

हे चाळीस वर्षांपूर्वीचं जुनं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. २०१५ मध्ये मध्यवर्ती बँकेने ४१ प्रकारच्या मालासाठी सरकारी दराचे डॉलर बंद केले. त्या यादीत तांदूळ आणि सिमेंट होतं, तसे दात कोरायच्या काड्याही होत्या. पुढच्याच वर्षी मक्केच्या यात्रेकरूंना मात्र खास स्वस्त दराने डॉलर मिळाले. २०२३ च्या मध्यावर सरकारी दर डॉलरला साधारण ४६५ नायरा होता आणि खुल्या बाजारात ७५० च्या आसपास. ज्याला सरकारी दराने दहा लाख डॉलर मिळाले, त्याने ते खुल्या बाजारात फिरवले की हातात अठ्ठावीस कोटी नायरांचा नफा आला. यंत्र नाही, कामगार नाही, माल खपण्याची काळजी नाही. जिथे असा फायदा मिळतो तिथे हुशार माणूस कारखाना कशाला काढेल? तो बँकेत ओळख काढतो.

छत्तीस राज्यं आणि दर महिन्याची बैठक

१९६७ मध्ये चार प्रांतांची (चौथा १९६३ मध्ये निघाला होता) बारा राज्यं झाली. १९७६ मध्ये एकोणीस, १९९१ मध्ये तीस, १९९६ मध्ये छत्तीस. खाली ७७४ स्थानिक सरकारं. मूळ हेतू वाईट नव्हता. तीन बलाढ्य समाजांची मगरमिठी सुटावी, लहान समाजांनाही स्वतःचं घर मिळावं, पुन्हा बियाफ्रा होऊ नये. पण तेलाचा पैसा केंद्रातून वाटला जात असल्याने प्रत्येक नवं राज्य म्हणजे वाट्याचा एक नवा हक्क. नवा गव्हर्नर, नवी विधानसभा, नवं सचिवालय, आणि दर महिन्याला राजधानी अबुजातल्या वाटपाच्या बैठकीतून येणारा हप्ता. महसुलाच्या वाटपाचं सूत्र ठरलेलं आहे: केंद्राला ५२.६८ टक्के, राज्यांना २६.७२, स्थानिक सरकारांना २०.६०, तेल निघणाऱ्या राज्यांना १९९९ च्या घटनेप्रमाणे किमान १३ टक्के आधीच बाजूला. बहुतेक राज्यांचा गाडा याच हप्त्यावर चालतो. ज्या राज्यात शेती सुधारली त्याला त्यातून जास्त मिळत नाही आणि जिथे बुडाली त्याला कमी मिळत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळात प्रत्येक राज्याचा किमान एक मंत्री असलाच पाहिजे, असंही घटना सांगते. हसू येईल, पण देश एकत्र ठेवण्याची ती किंमत आहे आणि बियाफ्रानंतर ती मोजणं शहाणपणाचंच होतं, असं मला वाटतं. अडचण अशी की सगळ्यांना आत बसवायची सोय झाली, बाहेरून काही कमवून आणायची जबाबदारी कुणावरच पडली नाही.

या रचनेत बचतसुद्धा टिकत नाही. २००४ मध्ये अर्थमंत्री न्गोझी ओकोन्जो-इवेआला यांच्या काळात एक खातं उघडलं गेलं. अंदाजपत्रकात धरलेल्या भावापेक्षा तेल महाग विकलं गेलं तर वरचे पैसे त्यात ठेवायचे, भाव पडले की काढायचे. २००५ मध्ये पॅरिस क्लबच्या धनको देशांशी करार होऊन सुमारे ३० अब्ज डॉलर कर्जातले १८ अब्ज माफ झाले, तेव्हा ही शिस्त उपयोगी पडली. २००८ पर्यंत खात्यात सुमारे २० अब्ज डॉलर साठले. मग गव्हर्नरांनी घटनेवर बोट ठेवलं: सगळा महसूल सामाईक खात्यात जमा होऊन वाटला गेला पाहिजे, केंद्राला तो अडवून ठेवायचा अधिकार नाही. कायद्याने त्यांचा मुद्दा लंगडा नव्हता. खातं रिकामं होत गेलं आणि २०२२ पर्यंत त्यात पाच लाख डॉलरही उरले नाहीत.

तक्रारसुद्धा याच सूत्रात बसवली जाते. तेल नायजर डेल्टातून निघतं आणि गळतीने तिथलीच खाडी, मासे, शेतं नासतात. तिथल्या ओगोनी लोकांचा आवाज उठवणारे लेखक केन सारो-विवा आणि त्यांचे आठ सहकारी यांना लष्करशहा सानी अबाचाच्या राजवटीने नोव्हेंबर १९९५ मध्ये फाशी दिली. पुढे तिथे हत्यारबंद टोळ्या उभ्या राहिल्या. २००९ मध्ये सरकारने माफी दिली आणि शस्त्र टाकणाऱ्यांना महिन्याला ६५,००० नायरा भत्ता सुरू केला. गोळीबार कमी झाला, तेल पुन्हा वाहू लागलं. पाणी घाणच राहिलं. आणि आसपासच्या तरुणांनी यातून काय शिकायचं ते शिकून घेतलं.

पेट्रोलची सबसिडी

नायजेरियाच्या अडचणीचं सगळ्यात स्वच्छ चित्र पेट्रोलमध्ये दिसतं. कच्चं तेल विकणारा हा देश पेट्रोल बाहेरून आणत होता. चार सरकारी रिफायनऱ्या होत्या, पोर्ट हारकोर्टला दोन, वारीला एक, कडुनाला एक. कागदावर क्षमता रोज ४ लाख ४५ हजार बॅरल. दुरुस्तीवर वर्षानुवर्षं पैसा ओतला गेला आणि त्या जेमतेम चालल्या, नंतर बंदच पडल्या. मग पेट्रोल आयात करायचं, सरकारी भावाने पंपावर विकायचं, आणि मधला फरक आयातदाराला सरकारने द्यायचा.

फरक मागायचा तर कागद दाखवायचे: अमुक जहाज आलं, एवढं पेट्रोल उतरलं. २०१२ मध्ये संसदेच्या समितीने हिशेब तपासला तेव्हा तीन वर्षांत ६.८ अब्ज डॉलरचा गफला निघाला. पुढचा प्रकार कुणी कथेत लिहिला असता तर संपादकाने कापला असता. या समितीचेच अध्यक्ष फारुक लावान यांच्यावर एका तेल व्यावसायिकाकडून लाच घेतल्याचा खटला झाला आणि २०२१ मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली गेली.

स्वस्त पेट्रोलचा मोठा भाग शेजारच्या बेनिन, टोगो, कॅमेरूनमध्ये जात होता. बेनिनमध्ये रस्त्याच्या कडेला ते बाटल्यांतून विकलं जात असे. देशात फायदा सर्वांत जास्त कुणाला, तर ज्याच्याकडे गाड्या जास्त त्याला. म्हणजे अर्थतज्ज्ञाच्या दृष्टीने निकाल सरळ आहे, सबसिडी काढा. १ जानेवारी २०१२ ला अध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी ती काढली. लिटरचा भाव रात्रीत ६५ वरून १४१ नायरावर गेला. देशभर संप, मोर्चे. साधारण दोन आठवड्यांत सरकार मागे सरलं आणि भाव ९७ वर ठरला.

लोकांना अर्थशास्त्र कळत नाही, असा शेरा तेव्हा बऱ्याच जणांनी मारला. मला तो उद्धटपणा वाटतो. लोकांचं गणित अगदी पक्कं होतं. सरकारी वीज येत नाही म्हणून घरात जनरेटर, त्याला पेट्रोल. नळाला पाणी नाही, सरकारी दवाखान्यात औषध नाही. तेलाच्या संपत्तीतला जो एकमेव वाटा सामान्य माणसाच्या हाताला लागत होता तो स्वस्त पेट्रोलचा. तो सोडा, वाचलेल्या पैशात आम्ही शाळा आणि दवाखाने देऊ, असं म्हणणारं सरकार तेच होतं ज्याने आधी त्या दिल्या नव्हत्या. या सौद्यावर विश्वास का ठेवायचा? सबसिडीला आयातदार आणि तस्कर यांनी धरून ठेवलं होतं हे खरं, पण तिला खरी ताकद या अविश्वासाने दिली.

२०२२ मध्ये सबसिडीचा खर्च ४ लाख कोटी नायरांवर गेला आणि केंद्राच्या महसुलाचा बहुतेक भाग कर्जाचे हप्ते आणि व्याज गिळत होतं. २९ मे २०२३ ला बोला टिनुबू यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर पहिल्याच भाषणात सबसिडी संपल्याचं सांगितलं. पेट्रोल २०० नायरांच्या आतून काही दिवसांत ५०० च्या आसपास आणि जुलैत ६१७ वर पोचलं. जूनमध्ये नायराही मोकळा सोडला गेला. २०२४ च्या सुरुवातीला डॉलर १,५०० नायरांच्या घरात होता. महागाईचा दर ३० टक्क्यांवर गेला. देशातला पेट्रोलचा अधिकृत खप एक चतुर्थांशाहून जास्त घटला, आणि ही सगळी काही गाड्या घरी ठेवणाऱ्यांची काटकसर नव्हती.

नायरा पडल्याने तेलाच्या त्याच डॉलरचे नायरे कितीतरी जास्त झाले, त्यामुळे अबुजाच्या बैठकीतून राज्यांना मिळणारे हप्ते फुगले. किमान वेतन महिना ३०,००० वरून ७०,००० नायरा व्हायला जुलै २०२४ उजाडलं. त्रास लोकांना लगेच रोख मिळाला, फायदा राज्यांच्या खात्यात जमा झाला, आणि तो कुठे गेला हे विचारायची सोय फार थोड्या राज्यांत आहे. सुधारणा योग्य होती असं मी म्हणेन. तिचा क्रम मात्र तोच जुना होता.

जिथे गाडी चालली

सगळंच अडलं असं नाही. २००१ पूर्वी दहा कोटींहून जास्त लोकांच्या या देशात सरकारी कंपनीचे टेलिफोन पाच लाखांच्या आत होते. त्या वर्षी मोबाइलचे परवाने प्रत्येकी २८.५ कोटी डॉलरना खुल्या लिलावात विकले गेले आणि काही वर्षांत फोन कोट्यवधी हातांत पोचले. विजेचं मात्र उलट. स्थापित क्षमता सुमारे १३,००० मेगावॉट, ग्राहकांपर्यंत पोचते चार ते पाच हजार, वीस कोटींहून जास्त लोकांसाठी. २०१३ मध्ये वितरण खासगी कंपन्यांना दिलं, पण दर राजकारणच ठरवत राहिलं. खर्च निघत नाही म्हणून कंपनी तारा बदलत नाही, वीज येत नाही म्हणून ग्राहक बिल भरत नाही. फोनच्या धंद्यात कंपनीचे पैसे थेट ग्राहकाकडून येत होते, तेही आगाऊ. एवढाच फरक, पण तो पुरला.

दुसरं उदाहरण लागोस राज्याचं. २००४ मध्ये लागोसने स्वतःच्या अधिकारात नवी स्थानिक सरकारं काढली म्हणून केंद्राने त्याच्या स्थानिक सरकारांचा हप्ता रोखला. सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं, तरी पैसे सुटायला २००७ उजाडलं. तोवर लागोसला जगायचं होतं, म्हणून त्याने करवसुलीकडे आधीपेक्षा कितीतरी जास्त लक्ष दिलं. आज हे राज्य आपला बहुतांश खर्च स्वतःच्या महसुलातून चालवतं. २००८ मध्ये शहरात बससाठी वेगळी मार्गिका आली. वसुलीत टक्केवारीवर खासगी कंपनीला घेतल्याबद्दल लागोसमध्ये कडक टीका झाली, आणि ती करायलाच हवी होती. पण कर भरणारा माणूस हिशेब मागतो, तेलाच्या विहिरीला तोंड नसतं.

देशपातळीवर कराचा महसूल बराच काळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आत राहिला, आफ्रिकेतल्या सरासरीहूनही कितीतरी कमी. जून २०२५ मध्ये चार नवे करकायदे मंजूर झाले, ते २०२६ च्या सुरुवातीपासून लागू. वर्षाला आठ लाख नायरांपर्यंत कमावणाऱ्याला प्राप्तिकर नाही. खरी झुंज झाली ती मूल्यवर्धित कराच्या वाटपावर. माल जिथे वापरला जातो तिथल्या राज्याला जास्त वाटा द्या, असा प्रस्ताव आला तेव्हा उत्तरेच्या गव्हर्नरांनी कडाडून विरोध केला. शेवटी राज्यांच्या वाट्याची तडजोड अशी झाली: निम्मा सगळ्यांना सारखा, ३० टक्के वापरावर, २० टक्के लोकसंख्येवर.

यातला लोकसंख्येचा आकडा कुठून आणायचा हा वेगळाच पेच आहे. डोकी मोजली की वाटा आणि संसदेतल्या जागा ठरतात, त्यामुळे इथली जवळपास प्रत्येक जनगणना भांडणात अडकली. १९६२ ची मोजणी रद्द करून १९६३ मध्ये पुन्हा केली, १९७३ ची बादच झाली. शेवटची झाली २००६ मध्ये. तिने कानोला ९४ लाख आणि लागोसला ९१ लाख दिले. लागोस राज्याने स्वतः मोजून १ कोटी ७५ लाख सांगितले. २०२३ मध्ये ठरलेली जनगणना पुढे ढकलली गेली.